बारा पावलं उत्तरेला

मैदान म्हणायचं म्हणून म्हणायचं, एवढंच. दोन्ही गोलांच्या तोंडाशी गवताचं नाव नव्हतं, मधल्या वर्तुळात खडे वर आलेले, आणि उजव्या कडेला एक लांबलचक डबकं, पाऊस थांबून आठवडा झाला तरी हलायला तयार नाही. क्लबची बारा वर्षांखालची मुलंमुली त्यावर फुटबॉल खेळायची आणि घरी जाताना अर्धं मैदान गुडघ्यांवर घेऊन जायची. कपडे धुऊन धुऊन त्यांचे आईबाप मेटाकुटीला आले होते. या सगळ्याचं खापर मात्र एकाच डोक्यावर फुटायचं, ते म्हणजे गवतोबाच्या.

गवतोबा हा मैदानाचा माळी. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि तीस वर्षांत ते इतकं पक्कं झालं होतं की कागदोपत्री नावाने कुणी हाक मारली तर त्याला वळून बघायलाही वेळ लागायचा. बरं, गवत काय मिशीसारखं पीळ देऊन वाढवता येतं? एकाच मैदानावर आठवड्याला चौदा सामने, वर रोज संध्याकाळचा सराव. एवढी पावलं पडल्यावर दगडालाही टक्कल पडेल. पण हे कमिटीला कोण सांगणार? ते बसलेत उंटावरून शेळ्या हाकत.

त्यात मैदानं तपासणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. बाई कधी आवाज चढवत नसत. खळग्यात पट्टी उभी करायची, आकडा वहीत लिहायचा आणि वही मिटायची, एवढंच. दुसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांदेखत पाहुण्या संघातल्या एका मुलाचा पाय उत्तरेकडच्या गोलापुढे खळग्यात अडकला आणि गुडघा फिरला. पोर ओरडलंही नाही, नुसतं पांढरंफटक पडलं. त्याला उचलून नेल्यावर बाई गवतोबाला म्हणाल्या, "तिसऱ्यांदा असं दिसलं तर हे मैदान बंद. तुमच्या मुलांनी मग शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळायचं."

दुसरं टोक म्हणजे दोन बस आणि दीड तास. निम्मी मुलं तिथेच गळणार, आणि त्यात सगळ्यात आधी गवतोबाची नात. तिला सगळे डिंकी म्हणत, कारण चेंडू तिच्या हातांना डिंकासारखा चिकटायचा. अकरा वर्षांची पोर, क्लबची गोलकीपर. तिची आई, म्हणजे गवतोबाची मुलगी, कामावरून यायची रात्री आठला, त्यामुळे शाळा सुटली की डिंकी थेट मैदानावरच्या अवजारांच्या खोलीत. गवत कापायच्या यंत्राच्या सीटवर बसून ती गणितं सोडवायची, मग हातमोजे चढवून गोलात उभी राहायची. गवतोबाचा जीव होता तिच्यावर. ती चार वर्षांची होती तेव्हा त्यानेच तिला दोन विटांच्या मध्ये उभं करून शिकवलं होतं, "आभाळ कोसळलं तरी गोल सोडायचा नाही. मी सांगेन तेव्हाच सोडायचा." तिने ते असं काही मनावर घेतलं होतं की एकदा सामन्यात नाकातून रक्त आलं तरी पोर जागची हलली नाही.

तर आता करायचं काय? या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. गोलाच्या तोंडाशी गवत मेलं, की सगळं मैदानच चार पावलं सरकवायचं. रेघा नव्या, खांब नवे, आणि उघडा पडलेला तुकडा आपोआप मध्ये येऊन विश्रांती घेतो. आणि उत्तरेकडच्या गोलामागे, भिंतीच्या अलीकडे, एक पट्टा होता. काय गवत होतं तिथे! दाट, गडद, डोळे निवावेत असं. कडक उन्हाळ्यातही पिवळं पडायचं नाही. त्यावर डबकं म्हणून कधी साचत नसे, पाणी पडेल तेवढं कुठेतरी जिरून जायचं.

तो पट्टा कुणी वापरला नव्हता, कारण वस्तादने वापरू दिला नव्हता. वस्ताद हा गवतोबाच्या आधीचा माळी, त्याचा गुरूच म्हणा. निवृत्त होताना त्याने खोलीची किल्ली दिली आणि एकच गोष्ट बजावली, "भिंतीजवळच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. तिथे रोलर न्यायचा नाही." का, ते सांगितलं नाही. गवतोबाने विचारलंही नाही. म्हातारा आधीच रोलरच्या बाबतीत दुखावलेला होता. चाळीस वर्षांपूर्वी क्लबचा मोठा लोखंडी रोलर चोरीला गेला होता, वस्तादच्याच राखणीत. तो रोलर ओढायला सहा माणसं लागायची. ते चोर खात काय होते, ही चेष्टा क्लबात अजून चालते. वस्ताद त्यावर कधी हसला नाही.

गुरुवारी गवतोबाने हिय्या केला आणि गोल बारा पावलं उत्तरेला नेला.

खांबांसाठी खड्डे खणताना पहार जमिनीत अशी गेली की त्याचा तोलच गेला. एरवी या मैदानात वीतभर खणायचं म्हणजे घाम निघतो. इथली माती काळी, भुसभुशीत आणि थंड होती. दुसऱ्या खड्ड्यातून लाकडाचा एक तुकडा वर आला, निळा रंग दिलेला, एका बाजूला गंजकी कडी.

डिंकीने तो हातात घेऊन उलटापालटा केला. "आजोबा, जमिनीखाली दार कसं काय?"

"कुणीतरी फेकलं असेल जुनं सामान."

"फेकलेलं वर असतं. हे पुरलेलं आहे."

"वकील हो तू मोठी झाल्यावर," गवतोबा म्हणाला आणि तुकडा भिंतीपलीकडे भिरकावून दिला. त्याला तो तुकडा आवडला नव्हता. पण जाळी लावायची होती, रेघा मारायच्या होत्या आणि रविवारी बाई येणार होत्या. रोलर मात्र त्याने तिथे फिरवला नाही. वस्तादचा शब्द तेवढा तरी राखू, असं त्याला वाटलं. आता बघा माणसाची अक्कल. लोखंड नेलं नाही, पोरं नेली.

डिंकीने नव्या गोलात उभं राहून चेंडू दोनदा आपटला आणि मान तिरकी केली. "इथे वेगळं वाजतं. रिकाम्या डब्यावर आपटल्यासारखं."

"मागे भिंत आहे ना, तिचा आवाज."

शुक्रवारी संध्याकाळी दोघांनी सुतळी ताणून चुन्याची फक्की मारली. खुंट्या हातोडीविनाच आत गेल्या. सुतळीचं एक टोक डिंकीच्या हातात, दुसरं खुंटीला, आणि गवतोबा पाठीमागे सरकत पांढरी रेघ सोडत गेला. तीस वर्षं हे काम केलेला माणूस तो, त्याची रेघ म्हणजे रेघ. हिरव्यागार गवतावर ती अशी उठून दिसली की त्याचं त्यालाच समाधान वाटलं.

शनिवारी सकाळी रेघ वाकडी होती.

डाव्या उजव्या अंगाला नव्हे, खाली. दोन खांबांच्या बरोबर मध्ये ती झोळीसारखी लोंबली होती. गवतोबाने सुतळी पुन्हा ताणली आणि बोटं लावून पाहिली. सुतळी आणि रेघ यांच्यामध्ये चार बोटं मावत होती. काल एकही मावत नव्हतं.

तो घाबरला. उगाच आडवळणाने कशाला सांगायचं? नवी भर टाकलेली माती रात्रीत खाली बसते, हे त्याला माहीत होतं. पण इथे त्याने भर टाकलीच नव्हती, आणि हेही त्याला तेवढंच माहीत होतं. तो टाच जमिनीवर दाबत उभा राहिला. जमीन किंचित दबली आणि परत वर आली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःला म्हणत तो खोलीकडे गेला. क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावावा असं एकदा मनात आलं. पण लावून सांगणार काय? रेघ वाकली? उद्याचा सामना रद्द होईल, बाई वही मिटतील, मैदान बंद, आणि डिंकी दोन बस बदलत बसेल, नाहीतर हातमोजे कपाटात टाकून देईल. एक दिवस निभावला की सोमवारी सावकाश खणून बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने तीन घमेली वाळू आणून तो खोलगट भाग भरला, वर कापलेलं गवत पसरलं, पायाने थापटलं आणि डिंकीला हाक मारली.

तिने सुतळीचं टोक धरलं. "आजोबा, काल सरळ होती ना रेघ?"

"काल घाईत मारली."

"नाही, सरळ होती. मी बघितली होती."

"सुतळी धर नीट. तोंड कमी, हात जास्त."

तिने सुतळी ताणली. गवतोबाने नवी रेघ मारली. ती कालच्यापेक्षाही सरळ आली.

रविवारी बाई आल्या. उत्तरेच्या गोलापुढे त्यांनी पट्टी उभी केली, आडवी केली, बुटाचं टोक गवतात खुपसून पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसलं. "इथे मुलं पडली तरी लागायचं नाही," त्या म्हणाल्या. सेक्रेटरी तर असा फुलला की जणू गवत त्याच्याच डोक्यातून उगवलं होतं. गवतोबाने फक्त मान हलवली. त्याची नजर वाळू टाकलेल्या जागेवर होती.

वस्तादलाही त्यानेच बोलावलं होतं, शुक्रवारी रेघ जमल्याच्या आनंदात, गवत दाखवायला म्हणून. शनिवारनंतर ते आमंत्रण त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. म्हातारा काठी टेकत उशिरा आला, तोवर पूर्वार्ध निम्मा होऊन गेला होता. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं. मैदानाच्या मध्याजवळ कडेला खुर्ची टाकून तो बसला आणि ऐकू लागला.

पूर्वार्धात उत्तरेचा गोल पाहुण्यांकडे होता आणि चेंडू तिकडे फिरकलाच नाही. गवतोबा मनात म्हणाला, असंच चालू दे. मध्यांतर झालं. संघांनी बाजू बदलल्या. डिंकी धावत उत्तरेला गेली, सवयीप्रमाणे दोन्ही खांबांना एकेकदा हात लावला आणि रेघेवर मधोमध उभी राहिली. गवतोबा वस्तादच्या खुर्चीमागून चार पावलं तिकडे गेला आणि परत आला. ओरडून सांगावं, की थांबावं? वीस मिनिटांचा तर प्रश्न होता.

डिंकीने चेंडू आपटला आणि लांब फेकला.

वस्तादने मान वर केली. "हा आवाज कुठून आला?"

"डिंकीने चेंडू आपटला, वस्ताद. गोलातून."

"गोल भिंतीपासून किती आहे?"

गवतोबाने भिंतीकडे पाहिलं. "आठ पावलं."

"वीस होता."

"बारा सरकवला. दुसरा इलाज नव्हता. गवत बघा ना तुम्ही..."

म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "परत घे."

"सामना चालू आहे, वस्ताद."

"परत घे म्हणतो ना."

"अहो, पण का? कारण तरी सांगाल की नाही?"

वस्तादने मनगट सोडलं नाही. तिकडे शिट्टी वाजली. पाहुण्यांना कॉर्नर मिळाला होता. त्यांचे उंच मुलगे गोलाकडे निघाले, मागोमाग आपली मुलं त्यांना अडवायला. गवतोबाच्या नजरेने आपोआप मोजलं. गोलाच्या तोंडाशी, त्या सुंदर हिरव्या गवतावर, चौदा पोरं.

"रोलर चोरीला गेला नव्हता," वस्ताद म्हणाला. मान खाली घालून, इतक्या हळू की गवतोबाला वाकावं लागलं. "खाली आहे तो. मैदानाच्या आधी इथे कारखाना होता, त्याची पाण्याची टाकी आहे जमिनीखाली. वर नुसत्या तुळया टाकून माती लोटलेली. संध्याकाळी रोलर त्यावर उभा ठेवला, रात्री कोपरा खचला, आणि गेला. मी मोडकी दारं, फळ्या, फांद्या टाकून भोक बुजवलं. चोर आले होते म्हणून सांगितलं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो रे."

"दारं कुठल्या रंगाची?" गवतोबाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो धावत सुटला.

साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी तो धावला. हात वर करून तो सरळ मैदानात घुसला. "बाहेर व्हा! सगळे बाहेर, इकडे या, माझ्याकडे!" रेफ्रींनी गोंधळून शिट्टी फुंकली. मुलांना वाटलं साप निघाला. ती हसत, किंचाळत, एकमेकांना ढकलत पांगली. तेरा जण बाहेर आले. चौदावी जागची हलली नाही.

डिंकी रेघेवर गुडघे वाकवून, हात पसरून उभी होती, नजर कॉर्नरवरच्या चेंडूवर. कॉर्नर अजून घ्यायचा होता, म्हणजे गोल सोडायचा नव्हता.

गवतोबा गडद गवताच्या काठाशी थांबला. पुढे पाऊल टाकावं तर त्याचं वजन ऐंशी किलो. त्याने हात पुढे केला. "डिंके, गोल सोड."

"का?"

"मी सांगतोय. सोड, आणि ये. पळू नको. हलकी ये."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, पण ती निघाली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. तिच्या मागे पांढरी रेघ मधोमध खाली गेली. आवाज आधी झालाच नाही. रेघ तुटली, मग लाकूड करकरलं, डावा खांब जमिनीत शिरला, आडवा दांडा कलला आणि जाळी ताणत ताणत सगळा गोल भोकात ओढला गेला. गवतोबाने तिचा हात पकडून तिला स्वतःकडे खेचलं आणि दोघंही मागे कोसळली. खालून कुजक्या लाकडाचा आणि साचलेल्या पाण्याचा वास वर आला. बऱ्याच वेळाने काहीतरी पाण्यात पडल्याचं ऐकू आलं.

बाईंनी मुलांना दूर नेऊन रांगेत उभं केलं आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. सगळी होती. तेव्हा कुठे त्या गवतोबासमोर आल्या. वही उघडली आणि पेन काढलं. "याआधी इथे काही दिसलं होतं का? तडा, खळगा, काहीही?"

"छे हो," सेक्रेटरी मध्येच म्हणाला. "काल तर नुसता आरसा होता."

वस्ताद काठीवर हनुवटी टेकून खुर्चीत बसला होता. गवतोबा अंगावरची माती झटकत राहिला.

डिंकीने त्याचा हात घट्ट धरला होता. तिने बाईंकडे सरळ बघून, पापणी न लववता सांगितलं, "काही नव्हतं. काल रेघ एकदम सरळ होती. सुतळी मीच धरली होती."

गवतोबा तिच्याकडे बघत राहिला. पोर त्याच्यासाठी खोटं बोलत होती, आणि किती सफाईने बोलत होती. चोर आले होते, हे वस्तादने याच आवाजात सांगितलं असणार. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"रेघ वाकडी होती," तो म्हणाला. "काल सकाळी. चार बोटं खाली गेली होती. मी वर वाळू टाकली, गवत पसरलं आणि नवी मारली. हिने विचारलं होतं, मी हिला गप्प बसवलं. हे सगळं लिहा."

बाई लिहू लागल्या. सेक्रेटरी तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागला. डिंकीचा हात अजून गवतोबाच्या हातात होता, पण तिची पकड सुटली होती.

"मग आज मी तिथे उभी होते," तिने विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," गवतोबा म्हणाला.

डिंकीने हात सोडवून घेतला. एकेक करून हातमोजे काढले, अवजारांच्या खोलीच्या पायरीवर ठेवले, आणि आई न्यायला येईपर्यंत ती बाईंच्या शेजारी उभी राहिली.